चंदगडला नेलेल्या चड्ड्या

म्हशी असलेल्या घराचं एक बरं असतं. तिथं वासाबद्दल कुणी काही विचारत नाही.

आमच्याकडे तेव्हा चार म्हशी होत्या. घर कोल्हापुरातल्या पेठेतच, पुढं आम्ही राहायचो आणि मागं गोठा. शेणाचा, मुताचा, भिजवलेल्या पेंडीचा मिळून एक वास घरभर असायचा आणि त्यात माझा वास लपून जायचा. तिसऱ्या बाळंतपणात मी दोन दिवस अडले होते. त्यानंतर माझं अंग खाली आलं आणि लघवी धरवेनाशी झाली. खोकला आला, शिंक आली, शेणाची पाटी उचलली, नुसतं पाटावरून उठलं, तरी व्हायची. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं.

सासूबाई एकदा मला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर पुरुष होते. "काय होतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "कंबर दुखतीय." चोळायचं मलम घेऊन आम्ही परत आलो. वाटेत सासूबाई म्हणाल्या, "सांगितलंच न्हाईस व्हय गं?" मी म्हटलं, "सांगितलं की." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही.

जुन्या लुगड्याच्या आठ पदरी घड्या करून मी घ्यायची. गोठा धुताना त्या धुवायच्या आणि वैरणीच्या माळ्यावर पोत्याखाली वाळत टाकायच्या. पावसाळ्यात त्या वाळत नसत. तशाच ओलसर घ्यायच्या. मांड्या सोलून निघाल्या की म्हशीच्या सडांना लावायचं मलम मी स्वतःला लावायची. आमच्या ह्यांना कळलं असेलच. त्यांनी आपलं अंथरूण वेगळं टाकायला सुरुवात केली आणि मी कारण विचारलं नाही.

कुणाच्या घरी गेले तर मी बसत नसे. "बसा की वैनी," म्हणाले की, "धारा काढायच्या हाईत," म्हणून उंबऱ्यातूनच परत फिरायची. माणसं मला फार कामाची बाई समजत.

थोरली मुलगी चंदगडला दिली. लग्न कोल्हापुरातच कार्यालयात झालं. सकाळपासून मी पाणी प्यायले नव्हते, घड्या दुप्पट घेतल्या होत्या. कन्यादानाला पाटावर बसले तोवर ठीक होतं. नंतर पंगती उठेपर्यंत उभी राहिले, पाहुण्यांच्या पाया पडले, वाकले, आणि मग ते झालंच. माझा शालू अंजिरी रंगाचा होता. ओला झाला की काळा दिसायचा. मी कोपऱ्यातल्या एका खुर्चीवर जाऊन बसले आणि उठले नाही.

पाठवणीच्या वेळी मुलगी पाया पडायला तिथंच आली. भोवती सगळ्या बायका उभ्या राहून रडत होत्या. मी बसल्या जागेवरून तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं दोन्ही हातांनी मला उठवायला बघितलं, गळ्यात पडायला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि म्हणाले, "जा आता. गाडी खोळंबलीय."

तिच्या सासूबाईंचा आवाज मोठा आहे. त्या हळू बोलल्या असतील, पण मला ऐकू आलं. "आई काळजाची घट्ट हाय बाई."

मुलीनं ते ऐकलं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. ते बघणं मी कधी विसरले नाही.

त्यानंतर पाच वर्षं मी तिच्या घरी गेले नाही. पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडं आली, पण माझ्याशी कामापुरतं बोलली. जाताना म्हणाली, "आता तू ये." मी म्हणाले, "येते की." चंदगडला यष्टीनं चार तास लागतात. गडहिंग्लजला गाडी थांबते तेवढीच. बारसं तिकडं केलं, त्याला गेले नाही. त्यांनी नवीन घर बांधलं, वास्तुशांतीला गेले नाही. हे एकटे जाऊन यायचे आणि निरोप आणायचे. "ती म्हणतीया, आईला म्हणावं, माझं घर तुला चालत न्हाय का?"

मी म्हशींचं कारण सांगायची. चार म्हशी होत्या तेव्हाही, आणि दोन विकल्या तेव्हाही.

मग एका एप्रिलमध्ये माझ्या बहिणीची मुलगी सुट्टीवर आली. ती मस्कतला नर्स आहे. आम्ही बोलत होतो, ती कॉटवर बसली होती आणि मी दाराला टेकून उभी.

"मावशी, बस की. कवाधरनं उभीयास."

"बरं हाय मला असंच."

"किती वर्सं झाली?"

"कशाला?"

"मावशी, मी रोज हेच काम करती. किती वर्सं?"

मी जमिनीकडं बघत म्हणाले, "धाकटा झाला तवापासनं."

धाकटा तेव्हा सतरा वर्षांचा होता.  दोन दिवसांनी भाची पुन्हा आली तेव्हा पिशवीत एक पाकीट होतं. तिनं दार लोटलं आणि एक काढून दाखवली. पांढरी, कागदासारखी, पण मऊ. "ही चड्डीसारखी पायातनं वर वडायची. भरली की दोन्ही बाजूनं फाडायची आणि टाकायची. आणि डॉक्टरनीला दाखव, मावशी. बाई डॉक्टर असत्यात आता. ऑपरेशन असतंय ह्याचं."

"बघू," मी म्हणाले.

पाकिटात दहा होत्या. पाकिटावर पांढऱ्या केसांची गोरी बाई सायकलवर बसून हसत होती. तिच्या शेजारी एक घड्याळ काढलं होतं आणि त्यात आठचा आकडा. बाकी सगळं इंग्रजीत. मी पाकीट सरकीच्या पोत्यात खुपसलं. आठ तास, म्हणजे चंदगडला जाऊन परत येण्याएवढे. माझ्या मनात पहिल्यांदा आला तो हाच हिशोब.

पण चित्रावर विश्वास कसा ठेवायचा? ती बाई काही आमच्या यष्टीत बसणार नव्हती. मी ठरवलं, आधी आपण पारखायचं.

दुपारी घरात कुणी नसताना गोठ्यात घमेलं पालथं घातलं, त्यावर एक चड्डी उलगडून पसरली आणि दुधाचं पाव लिटरचं माप घेतलं. माझ्याकडं मोजायला दुसरं काही नव्हतं. पहिलं माप पाण्यानं भरून ओतलं, ते मधोमध साठलं आणि बघता बघता आत गेलं. वरून बोट लावलं तर जवळजवळ कोरडं. दुसरं माप जरा हळू गेलं, पण गेलं. तिसरं मात्र कडेनं वाहून घमेल्यावर आलं. चड्डी उचलली तर तान्ह्या पोरासारखी जड. दाबलं तर आत काहीतरी गिळगिळीत, दह्याच्या कवडीसारखं.

पाणी स्वच्छ होतं. मापाला चड्डी लागलीही नव्हती. तरी ते माप मी तीनदा राखेनं घासलं, त्यावर उकळतं पाणी ओतलं आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या भांड्यात त्यानं दूध घालताना त्यांच्या तोंडाकडं बघू शकले नाही. पुढं आठवडाभर अर्ध्या लिटरच्या मापानंच अंदाजानं घालत राहिले. एक म्हातारी म्हणाली, "वैनी, आज हात सैल सुटलाय की." मी हसले.

त्याच वेळी माझी एक चूक झाली. ती भिजलेली चड्डी टाकायला माझं मन होईना. नुसतं पाणीच तर होतं. मी ती पत्र्यावर पोत्याखाली ठेवली. एप्रिलचं ऊन. तिसऱ्या दिवशी काढली तर पुन्हा हलकी झाली होती, आत बारीक खडे झाल्यासारखे लागत होते एवढंच. घालून बघितली, घरातल्या घरात अर्धा दिवस निभावली. मला वाटलं, ही धुवून वाळवून पुन्हा चालते. पाकिटावर तसं लिहिलं असेल, मला वाचता येत नाही एवढंच.

नवी चड्डी पहिल्यांदा घालून मी भाजी मंडईला गेले. कमरेला ती ढगळ होत होती, ती काही आमच्यासारख्या किरकोळ बायकांच्या मापाची नव्हती. म्हणून वरून परकराची नाडी घट्ट आवळली. मांडीच्या आतल्या बाजूला दोन उभ्या झालरी होत्या. त्या टोचत होत्या. मला वाटलं शोभेच्या असतील, म्हणून आत दुमडून टाकल्या. चालताना ती कागदासारखी कुरकुर वाजायची. गर्दीत कुणाला ऐकू जात नव्हतं, पण मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. बटाट्याची पिशवी उचलायला वाकले आणि डाव्या मांडीवरून ऊन धार खाली आली. चपलेपर्यंत. चड्डी आत कोरडी होती, तिनं घेतलंच नव्हतं. घरी भिंतीच्या कडेकडेनं आले. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, बसा की, सोडतो." मी त्याला नाही म्हणाले.

घरी येऊन ती फाडून नीट बघितली तेव्हा कळलं, त्या झालरी बांध होते. त्या उभ्या राहिल्या की पाणी कडेला जात नाही, मधल्या भागात थांबून मुरतं. शेताला बांध घालतात तसं. मी बांधच मोडून टाकले होते.

दुसऱ्या खेपेला बोटं फिरवून झालरी उभ्या केल्या. नाडी कमरेवरून न आवळता खाली ओटीपोटावर बांधली, त्यानं मांडीची फट बुजली. आणि पेपर पसरून त्यावर बसले, खोकले, उठले, बसले, पाण्याची घागर उचलली. पेपरावर एक ठिपका आला नाही. एकदम मापानं ओतलेलं पाणी आणि अंगातून थोडंथोडं जाणारं पाणी ह्यात फरक आहे, थोडंथोडं ती चांगलं घेते, हे मला तेव्हा समजलं. पण बसल्यावर अंगाचा भार पडतो तेव्हा ती मापापेक्षा कमी घेते, हेही समजलं. पेपराखाली फरशी असते, यष्टीखाली खड्डे असतात. म्हणून जोतिबाला जायचं ठरवलं.

देवाला जाते म्हटल्यावर हे खूश झाले. "जा की, कवाधरनं गेली न्हाईस." मी देवाला फसवत होते हे त्यांना काय सांगणार? गाडी डोंगर चढताना वळणावळणाला हिसके बसत होते आणि मी मांड्या आवळून बसले होते. वर पोचले, पायऱ्या उतरले, पण देवळात गेले नाही. अंगाला ते घेऊन गाभाऱ्यासमोर उभं राहायचं धाडस झालं नाही. बाहेरूनच कळसाला हात जोडले. नारळाच्या दुकानातला म्हणाला, "पावणं, आत जावा की, आज गर्दी न्हाय." मी म्हणाले, "जाते." आणि पायरीवरच बसले.

तिथं पायऱ्यांवर बोट बुडेल एवढा गुलाल असतो. अंगाला ओल असती तर उठल्यावर मागं गर्द डाग पडला असता, झाकता आला नसता. मी अर्धा तास बसले. मग उठून पदर ओढून मागं बघितलं. नुसती गुलाबी भुकटी लागली होती, झटकली तर उडून गेली. मी तिथंच रडले. बाजूच्या बाईला वाटलं, देवाच्या भक्तीनं.

त्यानंतर चंदगडला जायची हिंमत आली, पण मुहूर्त मीच पुढं ढकलत राहिले. उरलेल्या चड्ड्या सरकीच्या पोत्यात होत्या. जुलैत जावयाचा फोन आला. "मामी, हिचा हात मोडलाय. शेवाळावरनं घसरली. उजवा हाय, पलिस्तर घातलंय." ऐन भात लावणीचे दिवस, घरात सासू एकटी, पोर लहान. मी म्हणाले, "मी येते." तो म्हणाला, "ती म्हणतीया, यायचं नसलं तर ऱ्हाऊ दे, मला सवय हाय."

दुसऱ्या दिवशी मी निघाले. गडहिंग्लजपर्यंत चड्डीनं धरलं. तिथल्या स्टँडवरच्या मोरीत बदलली, भरलेली पिशवीत गुंडाळून घेतली, टाकली नाही. चंदगडला उतरले तेव्हा असा पाऊस होता की समोरचं दिसत नव्हतं. मुलगी ओट्यावर उभी होती, हात गळ्यात. ती आनंदली नाही. "आलीस," एवढंच म्हणाली.

मी गेल्या गेल्या कामाला लागले. घड्या बरोबर आणल्या होत्या, पण एका दिवसात लक्षात आलं की इथं त्या चालणार नाहीत. त्या पावसात बाहेर काही वाळत नाही. घरातले सगळे कपडे चुलीवर बांधलेल्या दोरीवर वाळतात आणि चुलीपुढं सगळं घर बसलेलं असतं. तिथं माझ्या घड्या कशा टांगणार? म्हणून चड्ड्याच घालत राहिले. चौथ्या दिवशी दोनच उरल्या. परतीला एक लागणार, गडहिंग्लजला बदलायला दुसरी. गुंडाळून ठेवलेल्या मात्र चार होत्या.

विहीणबाई रानात गेल्या, मुलगी पोराला घेऊन पडली होती. मी परसातल्या दगडावर बसून एक धुवायला काढली. साबण लावला, घासली, आपटली. तिसऱ्यांदा आपटली आणि ती मधोमध फुटली. आतून जे बाहेर आलं ते संपेना. फुगलेले, पारदर्शक दाणे, मूठच्या मूठ. पाणी ओतलं तर आणखी फुगले. दगडावर, माझ्या हाताला, लुगड्याला, मोरीच्या तोंडात. मोरी तुंबली आणि पाणी उलटं फिरून ओट्याकडं चाललं. कोंबड्या धावत आल्या आणि टोचायला लागल्या.

"अगं बाई! विहीणबाई, साबुदाणा धुवायला काढलासा व्हय? आज काय एकादस हाय?"

विहीणबाई इरलं पांघरून मागच्या दारात उभ्या होत्या. पावसानं काम थांबवून परत आल्या होत्या. मी हातातलं पाठीमागं लपवलं. त्या वाकल्या, चिमटीत चार दाणे घेतले, दाबले आणि नाकाला लावले.

मग त्या गप्प झाल्या. ही बाई गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी काहीतरी बोलावं, टोमणा मारावा, असं मला झालं. त्यांनी माझा हात पाठीमागून पुढं ओढला, ते फाटकं बघितलं, आणि घरात तोंड करून हाक मारली, "ए पोरी, भाईर ये. तुझी आई रडतीया."

मुलगी आली. "काय झालं?"  विहीणबाईंनीच सांगून टाकलं. "तुझ्या आईला मूत धरवत न्हाय. हे असलं काय काय घालून फिरतीया."

"कवापासनं?" मुलीनं मला विचारलं.

"धाकटा झाला तवापासनं."

ती कोंबड्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या लग्नात?"

"शालू भिजलता," मी म्हणाले.

ती गळ्यात पडेल असं मला वाटलं होतं का, आठवत नाही. ती ओरडली. "मग तोंड शिवलं हुतं काय तुझं? मला सांगायला काय झालतं? पाच वर्सं मी लोकांस्नी तोंड देतीया. आत्या मला रोज टोचून बोलत्यात, तुझ्या आईचा पाय न्हाय लागला आमच्या घराला..."

"मी कवा बोलले?" विहीणबाई म्हणाल्या.

"रोज बोलतासा की!"

"रोज न्हाय. सणावाराला." असं म्हणून त्यांनी काठी घेतली आणि मोरी मोकळी करायला बसल्या. मी पुढं झाले तर म्हणाल्या, "तुमी ऱ्हावा बाजूला. आणि आता ते बाकीचं धुऊ नगासा, माझ्या कोंबड्या मरतील."

दिवसभर मुलगी माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी केस विंचरायला पुढ्यात येऊन बसली, एका हातानं तिला वेणी घालता येत नव्हती. माझ्याकडं पाठ करूनच तिनं विचारलं, "लई हुतं काय?" मी तिच्या पाठीला सगळं सांगितलं. दवाखान्यात कंबर सांगितली ते, खुर्चीचे हात धरले ते, जोतिबाच्या पायरीवर बसले ते. तोंड दिसत नव्हतं म्हणून सांगता आलं. ती मधे एकदाच म्हणाली, "जरा घट्ट घाल."

उघडं पडलं की लाज संपेल, असं मला वाटायचं. तशी ती संपली नाही. विहीणबाई जेवताना शेजारी बसल्या की मी अंग चोरते, अजूनही. आणि त्यात आता हेही मिळालं की माझी एक लाज झाकायला मी मुलीला पाच वर्षं नको असल्यासारखं वागवलं. पहिली लाज अंगाची होती, तिला माझा इलाज नव्हता. ही मी स्वतः केली होती.

उरलेले दिवस मी घड्यांवर काढले, त्या चुलीवरच्या दोरीवरच वाळल्या. आठव्या दिवशी मुलगी मला स्टँडवर सोडायला आली. डाव्या हातात छत्री, उजवा गळ्यात. गाडी लागली, माणसं चढायला लागली. पावसाच्या आवाजावर आवाज चढवून ती म्हणाली, "घातलंयस न्हवं?"

पुढच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. मी मान हलवली.

"नवं?"

"व्हय गं, नवं."

मग ती कंडक्टरकडं गेली. "गडहिंग्लजला माझ्या आईला उतरू द्या. ती परत चढल्याशिवाय गाडी सोडू नगासा."

"का ओ ताई, काय आजारी हाईत?"

"सांगितलं तेवढं करा की."

मी खिडकीत बसून दुसरीकडं बघत होते, माझे कान तापले होते. गाडी सुटली तेव्हा तिला हात केला नाही, करायला हवा होता. वाटेत मी एकदाही डोळे वर केले नाहीत. गडहिंग्लज आलं आणि कंडक्टर भरल्या गाडीत मागं वळून ओरडला, "चंदगडवाल्या मावशी, उतरा. तुमच्यासाठी थांबवतोय."

सगळी यष्टी माझ्याकडं बघत होती. मी पिशवी घेतली आणि उतरले.